अकरा फोनांतला धनीराम

धनीरामकाकांना मी चाळीस माणसांसमोर खोटारडं ठरवलं. हे आधीच सांगून मोकळा होतो. कारण हळूहळू सांगत गेलो की मी गोष्टीला साखर लावतो, आणि शेवटी ऐकणारा माझीच पाठ थोपटून जातो. हा माझा जुना रोग आहे. या गोष्टीत मी पाठ थोपटण्यासारखं काहीही केलेलं नाही.

आमचं गाव साकोलीपासून बारा किलोमीटर. गावाला मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव आहे आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमचा ढिवरांचा मोहल्ला. तलावातली मासेमारी आमच्या संस्थेकडे, सदस्य बासष्ट. ज्याचं नाव संस्थेत आहे त्यालाच तलावात जाळं टाकता येतं. ज्याचं नाव गेलं, त्यानं काठावर उभं राहून दुसऱ्याची मासोळी बघायची.

धनीरामकाका या तलावाचे राखणदार. नेमणुकीचा कागद वगैरे काही नाही. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी म्हटलं असेल, ‘धनीराम, जरा पाहत जा,’ आणि ते पाहत राहिले. साठीच्या पुढचा काटक माणूस, गळ्यात शिट्टी, करगोट्याला पाळीवरच्या झोपडीची चावी. बोलणं कमी. पाण्यावर बुडबुडा आला की खाली मरळ आहे की कासव हे ते न बघितल्यासारखं करून सांगायचे. लहानपणी आम्ही त्यांच्याशी पैज लावायचो आणि दर वेळी हरायचो.

पण काकांची खरी ख्याती वेगळीच होती. त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघत नसे. डोंगा त्यांचा, पण मोहल्ल्यातलं कोणीही सकाळी उठून तो पाण्यात ढकलायचं, विचारायचंसुद्धा नाही. जाळं, शिडी, सायकल, घमेलं, आणि त्यांच्या लग्नातला कोट. तो कोट इतक्या जणांनी अंगात घातला की फोटोंमध्ये आमच्या मोहल्ल्यातले सगळे नवरदेव एकाच घरचे वाटतात. यशोदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मधूनच कडाडायची, “या घरात एक वस्तू जाग्यावर राहात नाही!” काका म्हणायचे, “डोंग्याचं काम पान्यात. घरी बसून काय करन तो?”

मलाही त्यांनी उसनं दिलं होतं, आणि तेही लेकीचं घर. बारावीनंतर मला भंडाऱ्याला जाऊन कॉम्प्युटर शिकायचं होतं, राहायला जागा नव्हती. काकांची मुलगी ज्योत्सनाताई कारध्याला दिलेली, वैनगंगेच्या आपल्या काठाला. पूल ओलांडला की भंडारा. काका मला घेऊन गेले आणि जावयाला म्हणाले, “हा लिलाधर. हिरालालचा. इथं राहीन.” विचारलं नाही, सांगितलं. तीन वर्षं मी त्या घरी जेवलो.

त्या शिक्षणावर आज मी साकोलीत एका खोलीत बसून लोकांची संकेतस्थळं बनवतो. घरी गावी रोज येतो-जातो. मोहल्ल्यात मला ‘कॉम्प्युटरवाला लिलू’ म्हणतात, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी संस्थेचे अध्यक्ष आनंदराव कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात ‘ऑनलाइन’ शिरलं. मला म्हणाले, “लिलाधर, राखणीचं काहीतरी मोबाइलवर करून दे.” तोवर राखणीची पद्धत अशी होती की संध्याकाळी काका मोहल्ल्यातून एक चक्कर मारायचे. “उद्या कोन मोकळा हाये?” ज्याला मजुरी नाही, पाहुणे नाहीत, ताप नाही, त्याला सांगायचे, “मंग उद्या तू बस.” झालं. कागद नाही, सही नाही. तीस वर्षांत एकही दिवस पाळ रिकामी राहिली नव्हती. जे तीस वर्षं बिनबोभाट चालत होतं ते मी सुधारायला घेतलं.

मी एक छोटं वेब ॲप्लिकेशन केलं. बारी आधीसारखी काकाच सांगणार; सकाळी ज्याची बारी असेल त्यानं ते फोनवर उघडायचं आणि ‘आजची राखण माझी’ हे हिरवं बटण दाबायचं. तारीख, वेळ, नाव, सगळं आपोआप नोंदलं जाणार. आत शिरायला मी प्रत्येकाला चार आकडी पिन दिला होता. तिथंच माझी जेवणं हराम झाली. बासष्ट माणसं आणि रोज दहा जण पिन विसरलेले. डोमा नावाचा आमचा एक सदस्य आहे, आवाजानं मोठा, तो तर मी पहिला घास तोंडात घातला की फोन करायचा, “लिलू, चार आकडे सांग बे!”

वैतागून मी ठरवलं की पिनच काढून टाकू. आमच्या धंद्यात एक सोपी सोय आहे. दारावर माणूस आला की ‘तू कोण’ हे आपण त्याला विचारायचंच नाही. ते तिसऱ्याला विचारायचं. लोकांच्या फोनमध्ये गूगलचं खातं असतंच. त्यालाच विचारायचं, की बाबा, हा कोण? ते म्हणालं हा अमुक, की आपण दार उघडायचं. पासवर्ड नाही, पिन नाही, डोमाचा फोन नाही. एका दुपारी बसून मी ते ‘गूगलने लॉगिन करा’चं बटण लावलं. चाललं पहिल्या झटक्यात. मी स्वतःवर इतका खूश झालो की साकोलीच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या दोन प्लेट आलुबोंडे खाल्ले.

समाजमंदिरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. पहिला मान काकांना दिला. त्यांच्या फोनवर बटण दाबलं. पहिल्याच वेळी पडद्यावर ‘तुम्ही कोण?’ असा प्रश्न आणि खाली बासष्ट नावांची यादी येत होती. काकांनी बोट फिरवत फिरवत स्वतःचं नाव शोधलं आणि दाबलं. मी म्हटलं, “झालं. आता हे खातं म्हणजे धनीरामकाका. पुन्हा कधी विचारणार नाही.” पडद्यावर अक्षरं आली, ‘राम राम, धनीराम’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका लाजले.

पुढच्या आठवड्यात बाकीच्यांनी आपापल्या घरून बटण दाबलं. एक्कावन्न जणांनी यादीतून नाव निवडल्याचं मला दिसलं. अकरा जणांनी निवडलंच नव्हतं. माझ्या जागी थोडी अक्कल असलेला माणूस असता तर तो त्या अकरा घरी जाऊन आला असता. मी म्हटलं, आळशी आहेत लेकाचे, आणि संगणक बंद केला.

यंदा मे महिन्यात घात झाला. तलाव आटला होता, पाणी कमरेएवढं, आणि पाणी कमी असलं की मासे काढायला काही कसब लागत नाही. अर्धा मोहल्ला तेंदूपत्ता तोडायला जंगलात. भर दुपारी कुठल्यातरी गावचे सात-आठ जण मालवाहू गाडी घेऊन आले, ओढजाळं लावलं आणि बियाण्यासाठी राखून ठेवलेले मोठमोठे रोहू-कतले पोत्यांत भरून घेऊन गेले. झोपडीला कुलूप. पाळीवर चिटपाखरू नाही. डोमा दिवस कलल्यावर बैल धुवायला गेला तेव्हा त्याला चाकांच्या खुणा दिसल्या आणि चिखलात तडफडून मेलेली बारकी पिल्लं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला समाजमंदिरात बैठक. लोक पेटलेले. आनंदरावांनी एकच विचारलं, “काल बारी कोनाची होती?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लॅपटॉप उघडला. हे सांगताना अजून कान गरम होतात, पण त्या क्षणी मला बरं वाटत होतं. बासष्ट माणसांचा न्याय माझ्या यंत्रातून निघणार होता. मी वाचलं, “धनीराम. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.”

काका उठून उभे राहिले. “मी नाही दाबलं गा. मी तं काल कारध्याले होतो, ज्योत्सनाकडं. पहिल्याच बसनं गेलो.”

“म्हंजे बटन दाबून गेले?” डोमा ओरडला.

“दाबलंच नाही म्हनतो ना.”

आनंदरावांनी मला विचारलं, “यात चूक होऊ शकते का?”

आणि मी म्हणालो, “नाही. पिन असता तर कोणी चोरला असता. हे गूगलचं खातं आहे. गूगल सांगते की हे काकाच आहेत.” मग काकांकडे वळून, अगदी शिकल्यासवरल्या आवाजात म्हणालो, “काका, खोटं बोलू नका. चूक झाली तर चूक झाली म्हणा. मशीन खोटं बोलत नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर हळूच बाजूला गेली, माझ्या वडिलांकडे, हिरालालकडे. बाबा आपल्या चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी करत होते. काका त्यांच्याकडे पाहत राहिले, तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाटलं, पकडला गेलेला माणूस जुन्या दोस्ताची मदत शोधतो आहे.

“असन,” काका म्हणाले. “माहाच हात लागला असन.”

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, करगोट्याची चावी सोडली, दोन्ही सतरंजीवर ठेवल्या आणि बाहेर गेले. डोमाचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यानं आवाज केला की असल्या माणसाचं नावच संस्थेतून काढा. आनंदरावांनी ते पुढच्या बैठकीवर, पंधरा दिवसांवर ढकललं. नाव गेलं असतं तर काकांना तलावात पाय घालता आला नसता. ज्या तलावावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं, त्याच तलावात. आणि ते माझ्या एका वाक्यावर होणार होतं.

मला त्या वेळी वाईट वाटलं का? थोडं वाटलं, जसं गुरुजींना मार खाल्लेल्या पोराबद्दल वाटतं तसं. घरी येऊन मी पोटभर जेवलो. बाबा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

दहा दिवसांनी आई, चंद्रभागाबाई, मला म्हणाली, “तुह्या बापाचा फोन पाय बरं. जागा भरली म्हनते. फोटोच निघत नाही.” मी फोन घेतला. उघडून पाहतो तर भलतेच फोटो. ज्योत्सनाताईच्या मुलीचं बारसं, डोमाचे बैल, कुणाच्यातरी नव्या टाकीचं बांधकाम. नंबरांची यादी पाहिली तर त्यात चंदा ब्युटी पार्लर. या चंदा ब्युटी पार्लरवरून यशोदाकाकूनं काकांशी आठ दिवस अबोला धरला होता हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं, आणि काका शपथा घेत होते की हा नंबर माझ्या फोनात कुठून आला मलाच ठाऊक नाही.

मी खातं कुणाचं ते पाहिलं. धनीरामकाकांचं होतं.

मी आमचं राखणीचं ॲप्लिकेशन उघडलं. बाबांच्या फोनवर, बाबांच्या हातात रोज असणाऱ्या त्या तडकलेल्या काचेवर अक्षरं आली, ‘राम राम, धनीराम’.

“बाबा, काकांचं खातं तुमच्या फोनात काहून आहे?”

“मंग? फोन घेतला तवा साकोलीत दुकानात तो मोनू म्हने, आयडी लागते, नाही तं फोन चालू होत नाही. मी धनीरामले फोन लावला. तो म्हने, माह्यावाली टाकून दे, आपली हाये ना. मोनूनं टाकून देल्ली. मंग आपल्या मोहल्ल्यातले लोक गेले की तेच म्हनते, धनीरामवाली टाक.”

डोंगा, शिडी, कोट, आणि त्यांच्यामागून हे. काकांच्या लेखी ती एक वस्तू होती, नेल्यानं झिजत नव्हती. आणि मोनूला नवं खातं उघडत बसण्यापेक्षा ते सोपं पडत होतं. अकरा फोन, आणि सगळ्यांचे फोटो-नंबर एकाच खात्यात. मी ज्यांना आळशी म्हटलं होतं ती अकरा माणसं आपापल्या बारीला बटण दाबत होती, आणि माझं यंत्र त्या सगळ्यांना धनीराम म्हणून आत घेत होतं. गूगलची काही चूक नव्हती. खातं कुणाचं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. फोन कुणाच्या हातात आहे हे मी विचारलंच नव्हतं.

“पण नाव धनीरामचं येते, हे कोणी मला सांगितलं नाही?”

“आमाले वाटलं,” बाबा म्हणाले, “तलाव राखते धनीराम. म्हनून पयले त्याले राम राम करा लागत असन.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर हसलो असतो. तेवढ्यात आई चुलीपासून सहज म्हणाली, “त्या दिवशीचे लग्नातले फोटो तरी राहिले का गा त्याच्यात? मासे चोरीले गेले ना, त्याच दिवशी तं लाखनीले गेलो होतो आपन.”

बाबांनी मान खाली घातली. मी काहीच विचारलं नाही, तरी ते बोलले. आदल्या संध्याकाळी काका कारध्याला जाण्याआधी चक्कर मारून गेले होते आणि बाबांना म्हणाले होते, उद्या तू बस. बाबांनी सकाळी घरूनच बटण दाबलं आणि लग्नाला गेले. “दाबलं म्हंजे बसल्यासारखंच झालं, असं वाटलं मले,” ते म्हणाले. “जेवून लगेच येतो म्हटलं होतं. मंग बैठकीत तू धनीरामचं नाव वाचलं. मले समजलंच नाही काय झालं ते. अन् समजलं तवा तू खोटं बोलू नका म्हनून राहिला होता त्याले.”

म्हणजे काकांना तेव्हाच सगळं कळलं होतं. बारी कुणाची होती हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते दोस्ताची मदत शोधत नव्हते. दोस्त काही बोलतो का, एवढीच वाट पाहत होते.

यानंतर मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज आहे. मी बापाला दोष देत नाही, ते पाचवी शिकलेले, घाबरले. मी काय केलं? साकोलीच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि आधी कोड दुरुस्त केला. खात्याबरोबर प्रत्येकाचा मोबाइल नंबरही तपासायचा, एवढीच दुरुस्ती. चाळीस मिनिटं लागली. एका माणसाची इज्जत वाचवायला चाळीस मिनिटं पुरली असती, आणि ती मी आधी दिली नव्हती. मग संस्थेच्या ग्रुपवर संदेश टाकला, ‘तांत्रिक कारणामुळे काही जुन्या नोंदी चुकीच्या नावाने दिसत होत्या. दुरुस्ती केली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

काकांचं नाव नाही, बाबांचं नाही, माझं तर नाहीच. सगळा दोष कारणाचा. नऊ जणांनी वर केलेला अंगठा टाकला, आनंदरावांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. काय झालं हे कुणी विचारलं नाही. दोन दिवस मी स्वतःला समजावत होतो की सांगायचं ते सांगून झालं. तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर डोमा भेटला. म्हणाला, “रविवारी काढतोच धनीरामचं नाव.” मी मान हलवून पुढे गेलो. थोडं अंतर गेल्यावर मला स्वतःचीच किळस आली आणि मी गाडी तलावाकडे वळवली.

काका अंगणात जाळं विणत बसले होते. तलावात जायला मिळणार की नाही हे माहीत नसलेला माणूस जाळं विणत होता. यशोदाकाकूनं मला बघितलं, पाण्याचा गडवा आणून पुढ्यात ठेवला आणि उभीच राहिली.

“तीन साल माह्या पोरीच्या हातचं जेवला तू,” ती म्हणाली.

“चूप बस व,” काका म्हणाले.

“काहून चूप बसू? एवढंच बोलतो अन् जातो.” आणि ती आत गेली.

मी सगळं सांगितलं. अकरा फोन, खातं, लाखनीचं लग्न. काका सुई थांबवून ऐकत होते. लग्नाचं आलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

“तुमाले मालूम होतं ना?”

“हो.”

“मंग बोलले काहून नाही?”

“काय बोलू? तुह्या बापाचं नाव घेऊ, तुह्याच तोंडासमोर? अन् तू सगळ्यांसमोर सांगून राहिला का मशीन खोटं बोलत नाही. मी बोललो असतो तं एक तं तुहा बाप खोटा, नाही तं तुही मशीन खोटी. हिरालालच्या घरचे दोघंही गेले असते.” त्यांनी जाळ्याची गाठ ओढली. “एकच गोष्ट मले समजली नाही, लिलू. तू मले इचारलंच नाही. समोर उभा होतो मी. तरी तू त्याले इचारलं.”

जन्मल्यापासून ज्याला ओळखतो, ज्याच्या लेकीच्या घरी राहिलो, तो माणूस पाच हातांवर उभा होता, आणि तो कोण हे मी तिसऱ्याला विचारत बसलो होतो. मला रडू आलं. काकांनी ते न बघितल्यासारखं केलं.

“रविवारी सगळ्यांसमोर सांगतो मी,” मी म्हणालो.

“काही सांगू नको. तुह्या बापाले जगू दे.”

“अन् तुमचं नाव काढलं तं?”

काका पाळीकडे बघत राहिले.

रविवारी समाजमंदिर भरलं. काका दाराजवळ, अगदी कडेला बसले होते, पाहुण्यासारखे. मी उठलो. घरून पाठ करून गेलो होतो, पण उभा राहिल्यावर तोंडातून निघालं, “त्या सॉफ्टवेअरमध्ये एक अडचण होती...”

आनंदराव म्हणाले, “ते आलं ना ग्रुपवर. बस आता.”

मी जवळजवळ बसलोच होतो. गुडघे वाकलेसुद्धा होते. मग काकांच्या गळ्याकडे लक्ष गेलं. शिट्टीची दोरी जिथं असायची तिथं उन्हानं न रापलेली एक पांढरी रेघ होती.

“अडचण सॉफ्टवेअरची नव्हती,” मी म्हणालो. “माझी होती. काका खरं बोलत होते. मी त्यांना खोटं म्हटलं. त्यांचं खातं अकरा जणांच्या फोनात आहे, त्यांनीच दिलेलं, आणि मी न बघता सगळ्यांना धनीराम समजत होतो. त्या दिवशी बटण त्यांनी दाबलं नाही. त्या दिवशी बारी...”

डोमा ओरडला, “कोनाची होती? सांग ना!”

“माही होती,” मागून आवाज आला. बाबा उभे होते. “मी बटन दाबलं अन् लग्नाले गेलो. धनीरामचं नाव निघालं तं मी गप बसलो. पंधरा दिवस गप बसलो.” आणि ते खाली बसले.

मला त्या घडीला बापाची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यांनी जे तीन वाक्यांत सांगितलं त्यासाठी मी ग्रुपवर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ लिहिलं होतं. डोमानं खिशातून आपला फोन काढला, उघडून पाहिलं, आणि ओशाळून कुणालाही न दाखवता परत खिशात टाकला. त्याच्याही फोनात काकाच होते.

नाव काढायचा विषय तिथेच संपला. आनंदरावांनी शिट्टी आणि चावी काकांपुढे सरकवली. काकांनी शिट्टी उचलली, फुंकर मारून धूळ झाडली आणि पुन्हा सतरंजीवर ठेवली.

“आता नको,” ते म्हणाले. “बारीनं बसीन. सगळे बसते तसा.”

खूप जणांनी गळ घातली. बाबा तर पाया पडायला गेले, काकांनी त्यांना धरून उभं केलं आणि म्हणाले, “डोंगा उद्या तुले पाह्यजे होता ना? नेजो.” पण चावी घेतली नाही. ती अजून आनंदरावांकडे खिळ्याला टांगलेली आहे. पाळीवर आता रोज वेगळा माणूस बसतो. बुडबुडा कशाचा, हे कुणाला सांगता येत नाही.

बारीनं बसायचं म्हणजे बटण आलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या अंगणात बसून त्यांना नवं खातं उघडून दिलं. जुनं त्या अकरा फोनांतून एकेक करून काढायचं होतं. काका चहा पीत बघत होते.

“हे कोनाले देता येते का?” त्यांनी विचारलं.

“नाही काका. हे फक्त तुमचं. कोणी मागितलं तरी द्यायचं नाही.”

“मंग कायच्या कामाचं,” ते म्हणाले आणि हसले.

मी बटण दाबलं. पडद्यावर तोच प्रश्न आला, ‘तुम्ही कोण?’ आणि खाली बासष्ट नावं. काकांनी बोट फिरवत आणलं, स्वतःच्या नावापाशी आले आणि थांबले. माझ्याकडे वळून, कसलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाले, “नीट पाय बरं, लिलू. मीच हावो ना? मंग चार लोकांत म्हनशीन का धनीराम खोटं बोलते.”

मला मान वर करता आली नाही. फोनकडे बघत मी म्हणालो, “तुमीच आहा काका.” त्यांनी बोट टेकवलं.